विजेवरील वाहने आणि विद्युतजालाची क्षमता : ‘भार’ या शब्दाच्या अनुषंगाने

विजेवर चालणाऱ्या वाहनांचा प्रसार होऊ लागल्यापासून एक प्रश्न वारंवार विचारला जात आहे. उद्या सर्व गाड्या विजेवर चालू लागल्या तर त्यांचा भार आपले विद्युतजाल पेलू शकेल काय? काही जण या प्रश्नाचे उत्तर तत्काळ नकारार्थी देतात, तर काही जण तितक्याच तत्परतेने होकारार्थी देतात. प्रस्तुत लेखक विद्युतशास्त्राचा अभ्यासक नव्हे, भाषाशास्त्राचा आहे. तथापि या दोन पक्षांचे म्हणणे लक्षपूर्वक ऐकले असता त्यांच्यातील मतभेदाचा बराचसा भाग शब्दांच्या संदिग्धतेतून निर्माण झालेला आहे, असे दिसून येते. ती संदिग्धता दूर केल्यास प्रश्नाचे खरे स्वरूप स्पष्ट होईल, या अपेक्षेने पुढील विवेचन केले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. विजेवर चालणारे वाहन ही महाराष्ट्राला नवीन वस्तू नाही. मुंबईत विजेची ट्रॅम १९०७ साली सुरू झाली व ती १९६४ पर्यंत चालली. व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर विजेची पहिली आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली. खोपोली येथील जलविद्युत केंद्राची वीज तर १९१५ पासूनच मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली होती. मग आजच्या गाडीत नवीन काय आहे? ट्रॅम किंवा आगगाडी चालू असेल त्याच क्षणी तारेतून वीज घेते, आणि तिचे वेळापत्रक आधीच ठरलेले असते. आजची गाडी वीज आधी साठवून घेते आणि मागाहून वापरते. वीज केव्हा घ्यावयाची हे गाडीचा मालक ठरवितो, आणि असे मालक लक्षावधी असतात. या प्रश्नातील अडचण आणि तिचा उपाय ही दोन्ही या एकाच गोष्टीत आहेत.

शक्ती आणि ऊर्जा

व्यवहारातील मराठीत ‘शक्ती’ आणि ‘ऊर्जा’ हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो. शास्त्रीय परिभाषेत मात्र त्यांचे अर्थ भिन्न आहेत. ऊर्जा म्हणजे एकूण किती काम झाले त्याचे परिमाण. ती आपण युनिटात मोजतो, व विजेच्या देयकावर तिचाच आकडा असतो. शक्ती म्हणजे ते काम कोणत्या वेगाने झाले त्याचे परिमाण, आणि ती किलोवॅटमध्ये मोजली जाते. एक किलोवॅट शक्ती एक तास वापरली म्हणजे एक युनिट ऊर्जा होते. हौदात एकूण किती पाणी आले हे ऊर्जेसारखे आहे, तर नळातून ते किती जोराने आले हे शक्तीसारखे.

आता एक साधा हिशेब करून पाहू. विजेवरील मध्यम आकाराची मोटार एका युनिटात सुमारे सहा ते सात किलोमीटर जाते. ती रोज ३० किलोमीटर धावली, तर चार्जिंगमधील हानी धरून तिला दिवसाला सुमारे ५ युनिटे लागतील. भारतात अशा १ कोटी मोटारी आहेत असे क्षणभर गृहीत धरू. त्यांना रोज ५ कोटी, म्हणजे वर्षाला सुमारे १,८२५ कोटी युनिटे लागतील. २०२३-२४ या वर्षात देशातील वीजनिर्मिती सुमारे १,७४,००० कोटी युनिटे होती. म्हणजे एक कोटी मोटारींची गरज जेमतेम एक टक्क्याची ठरते. होकारार्थी उत्तर देणारे लोक हाच हिशेब पुढे करतात, आणि तो बरोबर आहे.

परंतु याच मोटारींचा विचार शक्तीच्या दृष्टीने करू. घरी चार्जिंग करताना साधारणतः ३.३ किलोवॅट शक्ती लागते. एक कोटी मालक संध्याकाळी सात वाजता कामावरून परतले व त्यांनी एकाच वेळी गाड्या जोडल्या, तर त्या क्षणी ३३,००० मेगावॅट शक्ती लागेल. ३० मे २०२४ रोजी देशातील विजेची मागणी सुमारे २,५०,००० मेगावॅटपर्यंत पोहोचली होती, आणि तो तोपर्यंतचा उच्चांक होता. त्या उच्चांकाशी तुलना केली तरी हा भार १३ टक्क्यांचा होतो. नकारार्थी उत्तर देणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे हा हिशेब असतो, आणि तोही बरोबर आहे.

ह्याच गाड्यांना तीच ऊर्जा दहा तासांत विभागून दिली, तर कोणत्याही क्षणी लागणारी शक्ती सरासरी ५,००० मेगावॅट, म्हणजे वरील उच्चांकाच्या दोन टक्के इतकीच राहते. एका हिशेबात एक टक्का, दुसऱ्यात तेरा आणि तिसऱ्यात दोन असे आकडे येतात. गाड्या त्याच, धाव तीच आणि युनिटेही तितकीच. बदलली आहे ती केवळ वेळ.

येथे ‘भार पेलणे’ या शब्दप्रयोगाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. ‘भार’ म्हटले की हमालाच्या डोक्यावरील ओझे आपल्या मनात उभे राहते. ओझे सकाळी उचलले काय किंवा संध्याकाळी उचलले काय, त्याचे वजन तेवढेच असते. विद्युतभाराची गोष्ट निराळी आहे. तो प्रत्येक क्षणी नव्याने निर्माण होतो, आणि त्याच क्षणी तेवढीच निर्मिती व्हावी लागते. हा तोल ढळला तर प्रवाहाची वारंवारता ५० हर्ट्झपासून ढळू लागते. म्हणून ‘भार किती’ या प्रश्नाला ‘केव्हा’ या प्रश्नाची जोड दिल्याशिवाय अर्थ येत नाही.

निर्मिती, पारेषण आणि वितरण

‘विद्युतजाल’ हा शब्दही असाच संदिग्ध आहे. जून २००५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन झाले, तेव्हा महानिर्मिती, महापारेषण व महावितरण अशा तीन कंपन्या अस्तित्वात आल्या. ही नावे अन्वर्थक आहेत. क्षमतेचा प्रश्नही या तीन पातळ्यांवर स्वतंत्रपणे विचारला पाहिजे.

निर्मितीचा विचार वर आलाच आहे. त्यात एका गोष्टीची भर घातली पाहिजे. सौरऊर्जेचे प्रमाण वाढल्यामुळे दुपारी वीज मुबलक असते, आणि सूर्यास्तानंतर, दिवे, पंखे व वातानुकूलन यांची मागणी कायम असताना, तिची चणचण भासते. तेव्हा गाडी संध्याकाळी न जोडता कार्यालयाच्या आवारात दुपारी जोडणे निर्मितीच्या दृष्टीने अधिक हितावह आहे. देशातील सुमारे तीन चतुर्थांश वीज अद्याप कोळशापासून निर्माण होते. दुपारी भरलेल्या गाडीच्या वाट्याला त्यातील सौर अंश अधिक येतो, हा दुसरा लाभ होय.

पारेषणाचे महत्त्व आपल्याला जुलै २०१२ मध्ये कळून चुकले. ३० जुलै रोजी उत्तर विभागाचे, आणि ३१ जुलै रोजी उत्तर, पूर्व व ईशान्य या तिन्ही विभागांचे विद्युतजाल कोसळले. दुसऱ्या दिवशी सुमारे ६० कोटी लोकांच्या प्रदेशाला त्याची झळ लागली. बिना ते ग्वाल्हेर या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवर अतिरिक्त भार आल्याने ही मालिका सुरू झाली. महाराष्ट्र ज्या पश्चिम विभागात मोडतो, त्याच्यापाशी त्या वेळी वीज शिल्लक होती, परंतु ती पोहोचविणारा मार्ग अपुरा पडला. पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिण विभाग इतरांशी जोडला गेला आणि सर्व देशाचे एकसूत्री जाल झाले. आज एका प्रदेशातील गाडीला दुसऱ्या प्रदेशातील ऊन किंवा वारा उपयोगी पडू शकतो, तो या जोडणीमुळे.

वाहनांच्या दृष्टीने सर्वांत नाजूक पातळी तिसरी, म्हणजे वितरणाची आहे. उपकेंद्रातून निघालेली वाहिनी रोहित्रापाशी येते, व तेथे दाब कमी होऊन वीज घरोघरी जाते. लोक ज्याला सरसकट ‘डीपी’ म्हणतात त्या स्थानी खरी परीक्षा होते. समजा, २०० केव्हीए क्षमतेच्या एका रोहित्रावर ८० घरे आहेत आणि संध्याकाळी प्रत्येक घर सरासरी दीड किलोवॅट शक्ती घेते. म्हणजे १२० किलोवॅट वापर झाला. त्या वस्तीतील २५ कुटुंबांनी ७.२ किलोवॅटची चार्जिंग साधने बसविली व ती एकाच वेळी चालू केली, तर आणखी १८० किलोवॅटची भर पडून एकूण मागणी ३०० किलोवॅट होईल. रोहित्र ती सोसू शकणार नाही. त्यातील तेल व विद्युतरोधक आवरण तापेल, त्याचे आयुष्य घटेल आणि एखाद्या मेच्या रात्री ते जळेल. याउलट, त्याच २५ गाड्यांची गरज केवळ १२५ युनिटांची आहे. ती मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत विभागली, तर सरासरी २१ किलोवॅट पुरतात, आणि त्या वेळी घरांची मागणीही उतरलेली असते.

वितरणाची व्यवस्था मुळात एका गृहीतावर उभी आहे, ते असे की सर्व ग्राहक सर्व उपकरणे एकाच वेळी चालवीत नाहीत. गाड्यांमुळे हे गृहीत डळमळीत होते. एका कचेरीतून सुटणारे लोक जवळपास एकाच वेळी घरी पोहोचतात, आणि गाडी घेण्याची ऐपत असलेली कुटुंबे बहुधा एकाच वस्तीत राहतात. म्हणून राज्याच्या सरासरीत न दिसणारा ताण एखाद्या आळीतील रोहित्रावर आधी दिसेल.

नॉर्वेचे उदाहरण

या संदर्भात नॉर्वेचे उदाहरण नेहमी दिले जाते. त्या देशात २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के मोटारी केवळ विजेवर चालणाऱ्या होत्या, आणि तरीही तेथील विद्युतजाल कोसळले नाही. हे उदाहरण आश्वासक आहे, परंतु ते जपून वापरले पाहिजे. नॉर्वेची बहुतेक सर्व वीज जलविद्युत आहे, व धरणातील पाणी हवे तेव्हा सोडता येते. शिवाय तेथील घरे थंडीत विजेवर ऊबदार ठेवली जात असल्यामुळे घरापर्यंतच्या तारा आधीपासूनच भरभक्कम आहेत. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी त्या प्रमाणात नाहीत. मात्र आपल्या बाजूचीही एक गोष्ट आहे. भारतात विजेवरील वाहनांत दुचाकी व तीनचाकी वाहनांचा भरणा मोठा आहे. रोज तीसेक किलोमीटर धावणाऱ्या दुचाकीला सुमारे एक युनिट पुरते, व बहुधा एक किलोवॅटपेक्षा कमी शक्तीवर तिचे काम भागते. म्हणून नॉर्वेची चिंता किंवा नॉर्वेचा दिलासा यांपैकी काहीही आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाही.

‘भारनियमन’ या शब्दाचा अर्थ

आता ज्या शब्दासाठी हा लेख लिहिला त्याकडे वळू. २००५ नंतरच्या काही वर्षांत ‘भारनियमन’ हा संस्कृतोद्भव शब्द महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत सर्वतोमुखी झाला. मूळ इंग्रजी संज्ञेचा अर्थ भार झटकून टाकणे असा आहे. मराठी संज्ञेने त्याऐवजी ‘नियमन’ हा सौम्य शब्द योजला. प्रत्यक्षात नियमन कशाचेच होत नव्हते, पुरवठा तोडला जात होता. ज्या वाहिनीवर गळती व थकबाकी अधिक, तिला अंधारही अधिक मिळे. म्हणून लोकांच्या मनात या शब्दाचा अर्थ ‘लाईट जाणे’ इतकाच उरला.

विजेवरील वाहनांनी मात्र या शब्दाला त्याचा व्युत्पत्तिसिद्ध अर्थ परत मिळवून देण्याची संधी आणली आहे. रात्रीचा दिवा दुपारी लावून चालत नाही, स्वयंपाकही पुढे ढकलता येत नाही. परंतु सकाळी आठला लागणारी गाडी रात्री अकराला भरली काय किंवा पहाटे तीनला भरली काय, मालकाचे काही अडत नाही. असा सरकवता येण्याजोगा भार हा विद्युतजालाला खरोखर नियमित करता येतो. त्यासाठी वेळेनुसार दर हे साधन आहे. केंद्र सरकारने २०२३ साली ग्राहक हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीत सौर तासांतील दर नेहमीच्या दरापेक्षा कमी आणि कमाल मागणीच्या तासांतील दर अधिक ठेवण्याची तरतूद आहे. अर्थात त्यासाठी वेळ नोंदविणारा मीटर हवा.

वेळ सरकवण्याचा हा प्रयोग महाराष्ट्रात नवा नाही. शेतीच्या पंपांना दीर्घकाळ काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री अशी आळीपाळीने वीज दिली गेली. विद्युतजालाच्या दृष्टीने ते उत्तम नियमन होते, परंतु त्याची किंमत थंडीत, काळोखात, साप-विंचवांच्या भीतीत दारे धरण्यासाठी शेतात जाणाऱ्या माणसाने मोजली. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली, ती याच कारणास्तव. दुपारची सौर वीज पंपांनाही हवी आहे आणि उद्या गाड्यांनाही हवी असेल. त्या वेळी पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न अभियंत्यांनी एकट्याने सोडवावयाचा नाही.

खर्चाचाही असाच विचार केला पाहिजे. शहरातील रोहित्रे व वाहिन्या वाढवाव्या लागतील, त्यांचा खर्च देयकावरील ‘वहन आकार’ व ‘स्थिर आकार’ यांच्या रूपाने सर्व ग्राहकांवर विभागला जाईल. ज्याच्या दारात गाडी नाही त्यानेही तो का सोसावा, याचे उत्तर आधी दिलेले बरे. कमाल मागणीच्या वेळी गाडी भरणाऱ्याकडून अधिक दर घेणे हे त्या उत्तराचा एक भाग होऊ शकते.

तात्पर्य, विद्युतजाल हा भार पेलू शकेल काय, या प्रश्नाचे उत्तर असे की ऊर्जेच्या दृष्टीने ते शक्य आहे, शक्तीच्या दृष्टीने ते वेळेवर अवलंबून आहे, आणि वितरणाच्या पातळीवर ते प्रत्येक वस्तीत निराळे आहे. वेळेचे नियोजन आधी केले तर भाराचे नियमन होईल. ते केले नाही, तर ‘भारनियमन’ या शब्दाचा जो अर्थ लोकांनी वीस वर्षांपूर्वी अनुभवला तोच पुन्हा वाट्याला येईल, आणि त्या वेळीही अंधार बहुधा ज्यांच्या दारात गाडी नाही त्यांच्याच घरी आधी होईल.