कालपरवाच्या मोटारी

जुन्या मोटारींचा विषय निघाला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे संस्थानिकांच्या गाड्या उभ्या राहतात. पितळी दिवे, बाहेर आलेली पायफळी, रबरी गोळ्याचा भोंगा असा सगळा थाट. अशा गाड्यांना धनी आहेत. त्यांची संमेलने भरतात, त्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. त्यांची चिंता आपण करण्याचे कारण नाही. आम्हांला येथे बोलायचे आहे ते १९९० ते २००० या दहा वर्षांत आपल्या रस्त्यांवर धावलेल्या साध्यासुध्या गाड्यांविषयी. त्यांतून आपण लग्नाला गेलो, आजाऱ्याला दवाखान्यात नेले, गणपती घरी आणला. आणि पुढे त्या गाड्या कोठे गेल्या हे आपल्याला आठवतही नाही.

अशा गाडीत पाहण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. परंतु गेल्या काही वर्षांत पुष्कळ तरुण मंडळी याच गाड्या शोधू लागली आहेत. पहिल्या घडणीची मारुती झेन, एस्टीम, टाटांची सिएरा, प्रीमियरची ११८ एनई अशी नावे त्यांच्या तोंडी असतात. हा नुसता छांदिष्टपणा आहे असे आम्हांला वाटत नाही. मात्र तो समजून घ्यायचा तर त्या दशकात काय घडले हे थोडक्यात ध्यानात घेतले पाहिजे.

१९८० च्या सुमारास मोटार घ्यावयाची म्हटली तर मध्यमवर्गीय माणसापुढे अँबॅसडर आणि पद्मिनी याखेरीज फारसे काही नव्हते. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हे चित्र हलले. तरीही मोटारी बनवायच्या तर सरकारी परवाना लागे. जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने बहुतेक धंदे परवान्यातून मोकळे झाले; मोटारीचा धंदा १९९३ मध्ये झाला. मग धरण फुटावे तसे झाले. त्याच वर्षी झेन, पुढील वर्षी एस्टीम आणि टाटांची सुमो, १९९५ मध्ये कोरियाची सिएलो, १९९६ मध्ये नाशिकला महिंद्रांच्या कारखान्यात जुळलेली फोर्ड एस्कॉर्ट आणि गुजरातेत हालोलला जुळलेली ओपेल अ‍ॅस्ट्रा, आणि १९९८ मध्ये सँट्रो, मॅटिझ, सिटी व वर्ष सरतासरता पुण्याची इंडिका. त्यांतील कित्येक परदेशात जुन्या होऊन आपल्याकडे नव्या म्हणून आल्या. कुर्ल्यास बनलेली फियाट युनो इटलीत १९८३ मध्ये निघाली होती, आणि आपल्याकडे तिची नोंदणी करण्यास लोकांनी गर्दी केली तेव्हा तिकडे तिची जागा दुसऱ्या गाडीने घेतली होती. कल्याण-डोंबिवलीकडे बनलेली प्यूजो ३०९ ही अशीच. मालक-मजुरांचे तंटे आणि तोटा यांपायी ती अल्पायुषी ठरली.

या सर्वांत आमच्या मते अभ्यासण्याजोगी गाडी म्हणजे प्रीमियर ११८ एनई. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही गाडी. पद्मिनीला टॅक्सीमुळे कीर्ती मिळाली. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेने रस्त्यावरून उतरली, तेव्हा लोकांनी तिला जाहीर निरोप दिला. तिच्या या धाकट्या बहिणीची मात्र कोणी आठवणही काढली नाही. १९८५ च्या अखेरीस ती आली, आणि नव्वदीच्या दशकात डॉक्टर, वकील, बँकेतील अधिकारी अशा मंडळींच्या दारांत दिसू लागली. तिचे कूळ मोठे मौजेचे आहे. अंगकाठी इटलीच्या फियाट १२४ ची. ही गाडी १९६६ मध्ये निघाली आणि १९६७ ची युरोपातील सर्वोत्तम मोटार ठरली. स्पेनमध्ये सीट कंपनी हीच गाडी बनवीत असे. तिने ती बंद केल्यावर साचे प्रीमियरने घेतले. इंजिन मात्र जपानच्या निसानचे, ११७१ घनसेंटिमीटरचे; नावातील 'एनई' ही अक्षरे या निसान इंजिनाचीच. थोडक्यात, अंग इटलीचे, साचे स्पेनचे, हृदय जपानचे आणि हात आपल्या कामगारांचे. याच फियाट १२४ पासून रशियात लाडा ही गाडी जन्मली आणि तिचा वंश तेथे २०१२ पर्यंत चालू होता. निसानच्या या जातीच्या इंजिनाचे चाहते आजही जपान-ऑस्ट्रेलियात आहेत. म्हणजे आपल्या शेजाऱ्याच्या अंगणात ताडपत्रीखाली पडलेल्या या गाडीचे सगेसोयरे अर्ध्या जगात पसरलेले आहेत, आणि बहुधा खुद्द मालकाला त्याचा पत्ता नसतो!

आता या वेडाच्या मुळाशी जाऊ. या गाड्यांचे बॉनेट उघडले म्हणजे आत काय चालले आहे ते दिसते. त्या काळच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत कार्ब्युरेटर असे. त्याचे तत्त्व डासांवर मारावयाच्या फ्लिटच्या पंपासारखे आहे. हवा अरुंद गळ्यातून वेगाने गेली की तेथील दाब कमी होतो, आणि खालच्या वाटीतील पेट्रोल बारीक छिद्रातून वर ओढले जाऊन हवेत मिसळते. गाडी थंडीत धरत नसेल तर चोक ओढून हवा कमी करावयाची; डचके देऊ लागली तर जेट काढून फुंकून साफ करावयाचे. प्लग काढून पाहिला की काळा पडला आहे की पांढरा, यावरून इंजिनाची प्रकृती कळते. वैद्याने नाडी पाहावी तसे हे निदान. पुढे धुराविषयीचे नियम कडक झाले, २००० पासून देशभर नव्या मर्यादा आल्या, आणि पेट्रोलचे माप संगणकाच्या हाती गेले. यात हवेचे हित झाले हे निर्विवाद आहे, आणि त्याविरुद्ध आमची तक्रार नाही. तथापि सामान्य माणसाला मिस्त्रीच्या शेजारी उभे राहून आपली गाडी समजून घेता येत होती, तो काळ त्याबरोबर मागे पडला. नव्वदीतील गाडी ही त्या दृष्टीने शेवटची. तिच्यात वातानुकूलन असते, पाच माणसे ऐसपैस बसतात, महामार्गावर ती इतर गाड्यांबरोबर चालू शकते, आणि तरीही ती पान्याने उघडता येते. संस्थानिकाच्या गाडीत पहिले गुण नाहीत, आजच्या गाडीत शेवटचा नाही.

सिएराविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून राहवत नाही. १९९१ मध्ये पुण्यास बनलेली ही टाटांची पहिलीच खासगी वापराची गाडी. मागील प्रवाशांना दारेच नव्हती. त्यांच्या बाजूस छतापर्यंत वळलेली, न उघडणारी मोठी काच होती. त्या काळच्या ग्राहकांनी नाके मुरडली. २०२५ मध्ये कंपनीने तेच नाव नव्या गाडीला दिले, आणि मग सर्वांना जुनीची आठवण झाली.

आता आपल्या वसई-विरारकडे वळू. येथे या गाड्यांचे दैव दोन गोष्टींनी घडविले आहे. पहिली म्हणजे लोकल. विरार ते चर्चगेट हे सुमारे ६० किलोमीटरचे अंतर आपण पिढ्यान्‌पिढ्या आगगाडीने कापीत आलो. वसई रोडहून भाईंदर हे आगगाडीने दुसरे स्थानक. पण मोटारीने जायचे तर पूर्वेस चिंचोटीला महामार्ग गाठून, घोडबंदरजवळ वर्सोव्याच्या पुलावरून खाडी ओलांडून, उलट पश्चिमेस यावे लागते. वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाली ती २०२४ मध्ये. त्यामुळे कचेरीस मोटार नेण्याचा विचार येथील गृहस्थाने सहसा केला नाही. गाडी निघे ती रविवारच्या प्रार्थनेला, जीवदानीला, लग्नकार्याला, फार तर वज्रेश्वरीला. साहजिकच तीस वर्षांची गाडी असूनही इंजिन फारसे झिजलेले नाही, असा प्रकार येथे आढळू शकतो. तिच्या पाटीवर 'एमएच ०४' असते, कारण विरारचे परिवहन कार्यालय आणि 'एमएच ४८' हा क्रमांक येण्यापूर्वी आपल्या तालुक्याची नोंदणी ठाण्याला होत असे. ती पाटीदेखील एक लहानसा इतिहासच आहे.

दुसरी गोष्ट खारी हवा. लोकलने इंजिन वाचविले, पण समुद्राने पत्रा खाल्ला. लोखंड गंजण्यास पाणी आणि हवा लागते हे आपण शाळेत शिकलो; त्या पाण्यात मीठ विरघळले की विद्युतप्रवाह सुलभ होतो आणि गंजण्याची क्रिया झपाट्याने चालते. अर्नाळा, राजोडी, भुईगाव या किनारपट्टीत बारा महिने असे वारे आहे, आणि त्यावर चार महिने पाऊस. त्या काळच्या गाड्यांच्या पत्र्यावर आजच्यासारखा जस्ताचा लेप बहुधा नसे. गंज बाहेरून दिसतो तेव्हा तो आतून पुष्कळ पुढे गेलेला असतो. दाराच्या तळाशी, उंबरठ्याच्या दुमडीत, चाकावरच्या कमानीत आणि पायाखालच्या चटईच्या ओल्या नमद्याखाली त्याचे बिऱ्हाड असते. विकणारा तेथे लांबी भरून वर रंग मारतो. गाडी पाहावयास जाताना खिशात साधे लोहचुंबक न्यावे. लांबी भरलेल्या जागी ते चिकटत नाही. इंजिनाचे भाग मिळू शकतात, रबरी बुश किंवा एखादा नट वालीव-सातिवलीच्या औद्योगिक वसाहतीत कारागीर तयारही करून देईल; पण तळ गेलेल्या गाडीच्या नादी लागू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यापुढे प्रश्न कायद्याचा. २०२१ च्या नियमांप्रमाणे गाडीला वारसा म्हणून वेगळी नोंदणी मिळावयाची तर तिचे वय पन्नास वर्षे हवे. १९९५ ची झेन या हिशेबाने २०४५ मध्ये मान्यता पावेल. तोवर ती कायद्याच्या दृष्टीने केवळ जुनी गाडी. पंधरा वर्षे झाली की पर्यावरण कर आणि फेरनोंदणी; ती पाच वर्षांपुरती. हे शुल्क २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झाले, आणि वीस वर्षांवरील मोटारींसाठी २०२५ मध्ये १०,००० झाले. बाजारात जिची किंमत पन्नास-साठ हजार येते, तिच्यावर हा खर्च करण्यापेक्षा भंगारवाल्याला किलोच्या भावाने देणे बरे, असा विचार गृहस्थाने केला तर त्याला दोष कसा द्यावा? धूर ओकणारी मोडकी गाडी रस्त्यावरून जावी हे योग्यच आहे. परंतु महिन्यातून दोनदा निघणारी, नीट राखलेली गाडी आणि रोज शंभर किलोमीटर धावणारी खटारा गाडी यांना एकच तराजू लावणे आम्हांला न्यायाचे वाटत नाही. तिशीपासून पन्नाशीपर्यंतची ही वीस वर्षे कोणत्याही नियमाने सांभाळलेली नाहीत. मालकाच्या मायेवरच ती काढावी लागणार.

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांना एक व्यावहारिक गोष्ट सांगितली पाहिजे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरची गॅस्केटे यांची घडण त्यासाठी झालेली नाही. ती फुगतात, चिरतात, गळू लागतात. पेट्रोलची गळती म्हणजे आगीला निमंत्रण, म्हणून या नळ्या नव्या इंधनाला टिकणाऱ्या रबराच्या घालून घ्याव्यात. शिवाय इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत तळाशी पाणी साठते आणि टाकी आतून गंजते. मृगाच्या आधी तळ धुऊन, सुकवून त्यावर संरक्षक लेप द्यावा, चटया काढून ठेवाव्यात, ताडपत्री अंगाला चिकटू न देता खाली वारा खेळेल अशी बांधावी, आणि दर पंधरवड्याला एखादी उघडीप पाहून गाडी चिंचोटीपर्यंत फिरवून आणावी. उभ्या गाडीचे ब्रेक धरतात.