डबा नको, ठिकाण हवे : भंडारा जिल्ह्यात जिओकॅशिंग

दिवाळीच्या सुमारास भंडारा, तुमसर, पवनी येथील अनेक व्यापारी घरांत परगावी आणि परदेशी स्थायिक झालेली मुले सहकुटुंब परततात. वहीपूजन होते, निर्वाण लाडू चढतो, भाऊबीज आटोपते आणि मग नातवंडांचा प्रश्न येतो, ‘आजोबा, इथे जवळपास कॅश आहे का?’ सारे आयुष्य गल्ल्यावर काढलेल्या आजोबांना या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक असतो. नातवाच्या मनातली कॅश मात्र रोकड नव्हे. त्याला हवा असतो कोणीतरी मुद्दाम दडवून ठेवलेला एक लहानसा डबा. त्याच्या मोबाइलवरील नकाशात अमेरिकेतल्या घराभोवती अशा डब्यांच्या खुणा दाटीवाटीने दिसतात. आजोळच्या नकाशावर त्या शोधाव्या लागतात, आणि बहुधा सापडतच नाहीत.

या छंदाचे नाव जिओकॅशिंग. त्याची जन्मतारीख नेमकी सांगता येते. अमेरिकेचे जीपीएस उपग्रह मूळचे लष्करासाठी होते. सामान्य नागरिकाला मिळणाऱ्या संकेतात मुद्दाम दोष मिसळलेला असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटरने चुकू शके. मे २००० च्या आरंभी तो दोष काढून टाकण्यात आला आणि अचूकता एकाएकी दहा-वीस मीटरपर्यंत आली. लगेच ३ मे २००० रोजी डेव्ह उल्मर या गृहस्थाने ओरेगॉन राज्यातील एका गावाबाहेर रानात एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. बादलीत पुस्तके होती, इतर किरकोळ वस्तू होत्या आणि घेवड्याचा एक डबाही होता. काही दिवसांतच माईक टीग यांनी ती शोधून काढली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश यांनी या छंदाचे संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा जगभरातल्या डब्यांची एकूण नोंद ७५ होती. आज ती तीस लाखांच्या पुढे गेली आहे. खाद्यपदार्थ मात्र आता डब्यात ठेवत नाहीत, कारण वासाने जनावरे येतात आणि डबा फोडतात.

खेळाचे नियम व्यापाऱ्याला सहज पटावेत असे आहेत. डब्यात एक नोंदवही असते. शोधणाऱ्याने तीत आपले टोपणनाव आणि तारीख लिहायची. डब्यातील एखादी वस्तू आवडली तर ती घ्यायची, परंतु तिच्या मोलाची किंवा अधिक मोलाची वस्तू त्या जागी ठेवायची. त्यानंतर डबा होता तेथे, होता तसाच दडवायचा. पहारा नाही, पावती नाही, दुकानदारही नाही, तरी हिशेब बहुतांशी जुळतो. काही डब्यांत क्रमांक कोरलेले धातूचे बिल्ले असतात. ते घेणाऱ्याने पुढच्या डब्यात नेऊन ठेवायचे असतात. एका बिल्ल्याचा हातोहात होणारा हा प्रवास संकेतस्थळावर पाहताना जुन्या पेढ्यांच्या हुंडीची आठवण व्हावी.

ही कल्पना मात्र उपग्रहांपेक्षा बरीच जुनी आहे. इंग्लंडमधील डार्टमूर या माळरानावर १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने एक बाटली ठेवली होती. तेथवर चालत पोहोचणारे लोक तीत आपले नावाचे कार्ड टाकून परतत. आणि अक्षांश-रेखांश हाती घेऊन रानोमाळ हिंडण्याचा विदर्भाशी असलेला संबंध तर याहूनही जुना आहे. विल्यम लॅम्बटन यांनी १० एप्रिल १८०२ रोजी मद्रास येथे पायारेषा मोजण्यास आरंभ केला. पुढे ७८ व्या रेखांशाच्या आसपास दक्षिणोत्तर मोजणीची जी साखळी उभी राहिली, ती पुढे नेत असतानाच २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर तेथेच आहे. हैदराबादहून नागपूरकडे निघालेल्या त्या वृद्ध अधिकाऱ्याला एका बिंदूची जागा ठरवण्यासाठी अवजड यंत्रे आणि अनेक दिवस लागत. आज शाळकरी मुलाच्या खिशातला मोबाइल ते काम काही सेकंदांत करतो.

मग भंडारा जिल्ह्यात डबे लपवावेत काय? उत्साह कितीही असला तरी याचे उत्तर ‘नको’ असेच द्यावे लागते, आणि त्याची कारणे भक्कम आहेत. जिल्ह्यातील सर्वांत मनोहर रानांपैकी कोका अभयारण्य हे नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. पवनीकडची वने उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात मोडतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार अशा क्षेत्रात परवान्याशिवाय प्रवेश नाही, आणि परवाना मिळाला तरी सफारीच्या वाहनातून उतरून झुडपे चाचपण्याची मुभा नाही. ती असू नये हेच बरे, कारण तेथे वाघ आहे. पुरातत्त्वीय स्थळांवर खणणे, दगड हलवणे, फटीत काही खुपसणे हे कायद्याने अपराध ठरू शकते. उरली गावे, घाट, बसस्थानके, बाजार. तेथे भिंतीच्या आडोशाला टेप गुंडाळलेला डबा ठेवला तर पाहणारा त्याला खजिना समजणार नाही. बेवारस वस्तू म्हणून पोलिसांना कळवील, आणि त्याचे ते करणे योग्यच ठरेल. ज्या जिल्ह्यात जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना आहे, तेथे तर हा धोका हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

सुदैवाने डब्याशिवायही हा छंद पुरेपूर अनुभवता येतो. अमेरिकेच्या भूशास्त्रीय संस्थेच्या पुढाकाराने २००४ पासून ‘अर्थकॅश’ हा प्रकार रुजला. त्यात दडवलेले काहीच नसते. दिलेल्या जागी जायचे, तेथील खडक, नदी किंवा माती निरखायची आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे पाठवायची. भंडाऱ्याच्या भूमीला या प्रकारात सांगण्यासारखे पुष्कळ आहे. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी सर्वांना ठाऊक आहेत. खाणीत परवानगीवाचून जाता येत नाही, परंतु त्या परिसरातल्या रस्त्याकडेचा काळसर, जड दगड हातात घेऊन पाहिला तरी मुलांच्या लक्षात पुष्कळ येते. पाहून झाल्यावर तो दगड तेथेच ठेवावा.

याहून मोठे आकर्षण वेगळ्याच ठिकाणी आहे. अॅलेक्स जॅरेट या अमेरिकी तरुणाने फेब्रुवारी १९९६ मध्ये ‘डिग्री कॉन्फ्लुअन्स प्रोजेक्ट’ नावाचा उपक्रम सुरू केला. पृथ्वीवर जेथे पूर्ण अंशाचा अक्षांश आणि पूर्ण अंशाचा रेखांश एकमेकांना छेदतात, त्या प्रत्येक बिंदूवर जायचे, चारही दिशांची छायाचित्रे घ्यायची आणि जे दिसले ते लिहून ठेवायचे, एवढाच त्याचा नियम. असा एक बिंदू, २१ अंश उत्तर आणि ८० अंश पूर्व, साकोलीच्या दक्षिणेस भंडारा व गोंदिया जिल्ह्यांच्या सीमेच्या परिसरात येतो. भंडारा शहरापासून तो सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर भरेल. पश्चिमेकडचा शेजारी बिंदू, म्हणजे २१-७९, नागपूरच्या दक्षिणेस बुटीबोरीच्या बाजूला आहे. दोहोंमधले अंतर सुमारे १०४ किलोमीटर. उगराणीसाठी साकोली-सानगडीच्या रस्त्याने शेकडो वेळा गेलेल्या माणसालाही आपण एका जागतिक खुणेच्या शेजारून जात होतो हे ठाऊक नसते.

बिंदू गाठण्याची रीत सोपी, परंतु शेवटच्या टप्प्यात संयम लागतो. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर. मिनिटाच्या पुढील तिसऱ्या दशांश स्थानातील एक आकडा बदलला तर जागा दोन मीटरांहून कमी सरकते. मोबाइल मात्र उघड्यावर पाच-दहा मीटर चुकतो आणि दाट झाडीखाली अधिक चुकतो. म्हणून वीसेक मीटर उरले की चालणे मंद करावे, फोन स्थिर धरावा, आकडा स्थिरावू द्यावा. बिंदू कोणाच्या धानाच्या बांधीत निघाला तर मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. बांध मोडला तर पाणी वाहून जाते, आणि त्याचा तोटा शेतकऱ्याला होतो.

सहकुटुंब सहलीसाठी पवनी उत्तम. वैनगंगेच्या काठचे हे प्राचीन नगर मातीच्या तटाने वेढलेले आहे. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये येथे केलेल्या उत्खननात बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आले. तुमसरजवळचा अंबागड दगडी पायऱ्या चढून जाण्याजोगा किल्ला आहे. गोंड राजा बख्त बुलंदशहाचा सरदार राजाखान पठाण याने तो बांधला, आणि पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला. अशा ठिकाणी आजी-आजोबांनी आधी जाऊन पाच-सहा जागांचे अक्षांश-रेखांश टिपून ठेवावेत, प्रत्येक जागेसाठी एक प्रश्न तयार करावा (दरवाजाच्या कमानीत दगड किती, बुरुजावरून नदी कोणत्या दिशेला दिसते) आणि मुलांच्या हाती केवळ आकडे द्यावेत. मुले धावत सुटतात. डब्याची आठवणही कोणाला राहत नाही.

साहित्य फारसे लागत नाही. नकाशा आधीच उतरवून घेतलेला मोबाइल, पॉवर बँक, कागदावर लिहिलेले आकडे, शिट्टी, विजेरी, एक हलकी काठी, घरून नेलेले गाळलेले पाणी आणि ओआरएसची पाकिटे. पायात चामड्याचे बूट हवेतच असे नाही. घोट्यापर्यंतचे कॅनव्हासचे पुरतात. फट, बीळ किंवा दगडाखाली हात घालू नये. जे पाहायचे ते काठीने, दुरून. घोणस, मण्यार आणि नाग या जिल्ह्यात आहेत. किल्ल्याच्या कड्याला आग्या मोहोळ दिसले तर तेथूनच मागे फिरावे. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या घरांना परतीची वेळ वेगळी ठरवावी लागत नाही, आणि रानाच्या दृष्टीनेही तीच वेळ योग्य आहे. परदेशातून येणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून कळवावी : तिकडे गिर्यारोहक सर्रास वापरतात ती उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी उपकरणे भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. त्यामुळे विमानतळावरच अटक झाल्याची उदाहरणे आहेत.

आता गोचिडीविषयी. हा भाग थोडा विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण खरी हानी येथे होऊ शकते. गोचीड उडत नाही, उडीही मारत नाही. गुरांच्या वाटेवर, तलावाच्या कडेला, उंच गवताच्या टोकावर ती पुढचे पाय पसरून बसते आणि अंगाला घासून जाणाऱ्या प्राण्याला धरते. म्हणून पायवाटेच्या मधोमध चालावे, फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, विजारीची टोके मोज्यांत खोचावीत. औषधाच्या बाबतीत अहिंसेचा विचार करणाऱ्या वाचकाने एक भेद ध्यानात घ्यावा. कपड्यांवर मारण्याचे परमेथ्रिन हे कीटकनाशक आहे, ते जीव घेते. त्वचेला लावण्याचे डीट हे केवळ दूर ठेवणारे औषध आहे. लहान मुलांना ते डॉक्टरांना विचारूनच लावावे.

घरी परतल्यावर काखा, कंबर, गुडघ्यामागील भाग, कानांमागे आणि केसांच्या मुळाशी तपासावे. गोचीड चिकटलेली दिसली तर तिच्यावर रॉकेल ओतणे किंवा पेटती काडी लावणे हे जुने उपाय करू नयेत. त्यात जीव तर जातोच, शिवाय ती जखमेत अधिक स्राव सोडण्याची भीती असते. बारीक टोकाचा चिमटा त्वचेला अगदी लागून धरावा, न पिळता, न झटकता सावकाश सरळ वर ओढावे. बहुधा ती जिवंतच सुटते आणि गुरांपासून, वस्तीपासून दूर सोडता येते. नंतर जागा साबणाने धुवावी.

पाश्चात्त्य पुस्तकांत गोचिडीच्या प्रकरणात लाइम रोगाची चर्चा असते. आपल्याकडची चिंता वेगळी आहे. कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यात १९५७ साली ओळखला गेलेला माकडताप गोचिडींमुळे पसरतो आणि महाराष्ट्रात तो मुख्यतः सिंधुदुर्गात, २०१६ नंतर दोडामार्गच्या बाजूला आढळला. विदर्भात अधिक लक्ष द्यावे असा आजार म्हणजे स्क्रब टायफस. तो गोचिडीपासून नव्हे, तर झुडपांतल्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या माइट नावाच्या जीवाच्या पिल्लांपासून होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर परिसरात या आजाराने रुग्ण दगावले. रानातून आल्यावर साधारण एक ते तीन आठवड्यांनी ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. चाव्याच्या जागी कधी कधी विडीचा चटका बसावा तसा काळा, न दुखणारा व्रण असतो. तो काखेत किंवा जांघेत लपलेला असल्याने नजरेतून सुटतो. तोवर सहल सर्वजण विसरलेले असतात आणि ताप ‘व्हायरल’ म्हणून अंगावर काढला जातो. वेळीच ओळखला तर डॉक्सिसायक्लिन या साध्या, स्वस्त औषधाने तो आटोक्यात येतो; उशीर झाला तर फुप्फुसे आणि मूत्रपिंडे धोक्यात येतात. म्हणून सहलीची तारीख आणि जागा घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी, आणि त्यानंतरच्या महिन्यात कोणाला ताप आला तर डॉक्टरांनी न विचारताही ती त्यांना सांगावी. परदेशी परतलेल्या मुलांच्या बाबतीत तर हे अधिकच महत्त्वाचे आहे. तिकडच्या डॉक्टरांच्या मनात हा आजार सहसा पहिल्यांदा येत नाही.

ऋतूचा विचार करता चातुर्मासात रान उंच गवताने भरलेले असते आणि स्क्रब टायफसचा जोरही पावसाळा व त्यानंतरच्या काही आठवड्यांत असतो. मार्चनंतर विदर्भाचे ऊन मुलांना सोसवत नाही. नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. तोपर्यंत हलक्या धानाची कापणी झालेली असते, बांध्या कोरड्या होऊ लागतात, आणि साकोलीच्या दक्षिणेकडील २१-८० च्या बिंदूपर्यंत कोणाचे पीक न तुडवता चालत जाता येते.