शब्दांची कुळकथा : 'एक्झॉनरेट'

गेल्या लेखांकात 'अक्यूझ' या शब्दाच्या अनुषंगाने आरोप ठेवण्याच्या क्रियेचा विचार झाला. आज तिच्या उलट दिशेने जाणारा 'एक्झॉनरेट' हा शब्द घेऊ. त्याच्या पोटात लॅटिन 'ओनस', म्हणजे ओझे, दडलेले असल्यामुळे त्याचा मूळ अर्थ भार उतरविणे एवढाच आहे. चिखली तालुक्यातील अमडापुरात, बल्लाळदेवीच्या टेकडीच्या आसमंतात, डोक्यावर ज्वारीने भरलेली पाटी घेऊन घरी आलेली बाई अंगणात उभी राहून 'जरा हात लाव' म्हणते, कारण भरली पाटी एकटीने धड उतरविता येत नाही. आणि या शब्दाचे सारे मर्म मला त्या हाकेत सापडते, कारण लोकांनी शिरावर ठेवलेला दोषही ज्याचा त्याला, कितीही शपथा वाहिल्या तरी, उतरविता येत नाही.

आपल्या भाषेत दोष लादणाऱ्या शब्दांचा सुकाळ आहे : आळ, किटाळ, बालंट, तोहमत, ठपका. उतरविणारे मात्र तुटपुंजे. 'दोषमुक्त' हा शब्द खातेनिहाय चौकशीच्या आदेशातच राहतो, आणि गावात 'निर्दोष सुटला' म्हणतात तेव्हा जोर 'सुटला'वर पडून निर्दोषत्व मागे राहते, ही आपल्या बोलण्यातील मोठी उणीव होय.

'ॲक्विट' हा 'एक्झॉनरेट'चा शेजारी, पण कुळ निराळे : त्याचे मूळ देणे चुकते करण्यात आहे, म्हणून जुन्या दफ्तरातील 'बेबाक' त्याला अधिक जवळचा. न्यायालयाने 'ॲक्विट' केले म्हणजे गुन्हा शाबीत झाला नाही, आणि ते संशयाचा फायदा देऊनही होते. 'एक्झॉनरेट' केले म्हणजे तो दोष त्या माणसाचा नव्हताच, असे ठरले.

हे दोन अर्थ एकत्र आलेले पाहावयाचे तर नाशिकजवळच्या एका शेतवस्तीवर २००३ साली झालेल्या दरोडा-खुनाचा खटला पाहावा. भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांवर तो आरोप ठेवण्यात आला. वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांजवळच्या छायाचित्रांतून निराळ्याच चौघांस ओळखले होते, तरी तो धागा कोणी धरला नाही, आणि २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांस फाशीची शिक्षा ठोठावली. पुढे ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने आपला निकाल मागे घेऊन सर्वांस निर्दोष ठरविले, त्यांस खोटे गोवले गेल्याची शक्यता बोलून दाखविली, आणि प्रत्येकास पाच लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम राज्य सरकारास केला. ज्या हातांनी पाटी डोक्यावर चढविली, त्याच हातांना ती उतरवावी लागली. मध्ये सुमारे सोळा वर्षे गेली होती.