चौकोनी दांड्यातील पीळ

पान्याने बोल्ट आवळणारा कारागीर कळत नकळत दांड्याला पीळ देत असतो. मोटारीचे एंजिनही चाके फिरविताना शाफ्टला पीळच देते. हा पीळ प्रमाणाबाहेर गेला तर दांडा प्रथम कोठे तुटेल, हे आधी सांगता येणे अगत्याचे आहे. कारण त्यावर यंत्राची, आणि पुष्कळदा त्याजवळ उभ्या असलेल्या माणसाचीही, सुरक्षितता अवलंबून असते.

दांडा गोल असला तर उत्तर सोपे आहे. पीळ बसला तरी त्याचे आडवे काप सपाटच राहतात व एकमेकांवर थोडे थोडे फिरतात. ताण मध्यावर शून्य आणि कडेला सर्वांत अधिक असतो. १८२६ साली नाव्हिए या फ्रेंच अभियंत्याने हेच गृहीत चौकोनी दांड्यालाही लावले. साहजिकच मध्यापासून सर्वांत दूर असलेला कोपरा सर्वांत धोक्याचा ठरला. समजूत स्वाभाविक होती, पण खरी नव्हती.

लांबट चौकोनी खोडरबरावर बारीक चौकटी आखाव्यात आणि ते दोन्ही हातांनी पिळावे. बाजूच्या मधोमध असलेल्या चौकटी तिरप्या होतात. कोपऱ्यांजवळच्या जवळजवळ तशाच राहतात. याचे कारण असे की, दांड्याचे बाहेरचे पृष्ठ मोकळे असते. त्यामुळे आतील ताण कडेपाशी फक्त कडेच्याच दिशेने राहू शकतो. कोपऱ्यावर दोन कडा मिळतात. दोन्ही अटी एकदम पाळावयाच्या तर ताणाला दिशाच उरत नाही.

सँ-व्हेनां याने १८५३ साली या प्रश्नाचे खरे गणित मांडले. काप सपाट न राहता किंचित उंचसखल होतो, हे त्याने दाखविले. चौरस दांड्याच्या बाजूच्या मध्यावर जुन्या नियमाने जेथे ३ भाग ताण धरला जाई, तेथे तो वस्तुतः सुमारे ४.८ भाग असतो. कोपऱ्यावर जेथे ४.२ भाग धरला जाई, तेथे काहीच नसतो!

परंतु कारखान्यातील शाफ्टला चावी बसविण्यासाठी खाच पाडलेली असते. अशा वेड्यावाकड्या आकारांचे काय करावे? १९०३ साली प्रांट्ल या जर्मन शास्त्रज्ञाने एक सुंदर उपमा दिली. पत्र्याला दांड्याच्या कापाएवढे भोक पाडून त्यावर साबणाचा पापुद्रा धरावा व तो खालून हलकेच फुगवावा. पापुद्र्याचा उतार जेथे जितका तीव्र, तेथे दांड्यात ताण तितका अधिक. बाहेरच्या कोपऱ्यात पापुद्रा जवळजवळ सपाट असतो. खाचेच्या आतल्या कोपऱ्यावर मात्र तो कड्यासारखा उतरतो. खाचेपासून तडा का सुरू होतो, हे यावरून ध्यानात येईल.

या पापुद्र्याऐवजी लहान लहान सपाट त्रिकोण एकमेकांस जोडून छत उभारावे, ही कल्पना कुरांट या गणितज्ञाने १९४३ साली छापलेल्या निबंधात पोकळ चौरस दांड्यासाठी वापरली. त्रिकोणांच्या टोकांची उंची अज्ञात धरावयाची आणि एकंदर ऊर्जा किमान होईल अशा बेताने ती काढावयाची. जितक्या अज्ञात उंची, तितकी समीकरणे. या पद्धतीला ‘सांत घटक’ हे नाव क्लफ या अमेरिकन अभियंत्याने १९६० साली दिले. आज संगणक अशी लक्षावधी समीकरणे सहज सोडवितो.

तरीही एक सावधगिरी बाळगावयास हवी. खाचेचा आतला कोपरा अगदी टोकदार आखला, तर त्रिकोण जसजसे बारीक करावेत तसतसा ताणाचा आकडा वाढतच जातो. कोठेही स्थिरावत नाही. हा संगणकाचा दोष नव्हे. टोकदार कोपऱ्याचे गणितच तसे आहे. म्हणून आलेल्या पहिल्याच आकड्यावर विसंबू नये. कोपऱ्याला प्रत्यक्षात किती गोलाई आहे ते मोजावे, तीच आकृतीत आखावी आणि आकडा स्थिर होतो की नाही ते पाहावे. खाच पाडणाऱ्या कारागिरानेही तिचा आतला कोपरा थोडा गोल ठेवावा. एवढ्या काळजीने शाफ्टचे आयुष्य वाढते.