नंजनगुड रस्त्यावरची स्टेपनी

१९९८ च्या उन्हाळ्यात, म्हैसूरहून नंजनगुडला जाताना, माझी गाडी जॅकवरून घसरली. तिच्याखाली माझा हात नव्हता, स्टेपनी होती. पंक्चर झालेलं चाक काढण्याआधी स्टेपनी आडवी करून गाडीच्या पोटाखाली सरकवायची, ही खोड वडिलांनी लावलेली. गाडी धाडकन स्टेपनीवर बसली, रिमला पोचा पडला, तेवढ्यावर निभावलं. जॅक चांगला होता. उन्हानं डांबर मऊ झालं होतं, त्यात जॅकच्या पायाची एक कड रुतली आणि सगळा जॅकच तिरका झाला. त्या दिवसापासून माझ्या डिकीत लाकडाचा एक जाड ठोकळा असतो. बायको त्याला पोळपाट म्हणते.

मी मूळचा बेळगावचा. म्हैसूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये तीस वर्षं काढली आणि आता कुवेंपुनगरात घराच्या पडवीत बसून ओळखीपाळखीच्यांचे जॅक उघडतो. पैसे घेत नाही, त्यामुळे गिऱ्हाइकांना तोटा नाही. दसऱ्याला भाचा आला तो डिकीतून एक लालभडक ट्रॉली जॅक काढूनच.

‘‘मामा, हा बघ, फॉरेनचा. दोन टनाचा.’’

‘‘मग माझ्याकडे कशाला आणलास?’’

‘‘वर जातो झकास. पण चहा पिऊन येईपर्यंत खाली बसतो.’’

दोन टन हा आकडा लोकांना फार भुलवतो. छोट्या गाडीचं सगळं वजन टनाच्या आतबाहेर, आणि एक कोपरा उचलताना जॅकवर येतो तो त्यातला तिसरा-चौथा हिस्सा. वजनानं जॅक क्वचितच हार खातो. तो हरतो आडव्या धक्क्यानं. गाडी दोन बोटं पुढे सरकली की सरळ उभा भार तिरका होतो आणि मग टनांचा हिशेब संपला.

गाडी सरकते कशी, हे मात्र नीट समजून घ्यावं, कारण ‘हँडब्रेक ओढलाय ना’ म्हणून निर्धास्त होणारे मी रोज बघतो. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या दोन चाकांना. मागचं एक चाक उचललं की जमिनीवर धरायला एकच उरलं. गिअरमध्ये टाकली तर इंजिन पुढची चाकं धरतं, पण त्यातलं एक उचललं की डिफरन्शियल अधांतरी चाकाला मोकळं फिरू देतं आणि जमिनीवरच्या चाकाला कुणी धरत नाही. म्हणून हँडब्रेकही आणि गिअरही. शिवाय उचलायच्या चाकाच्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड. नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. वर उचलून मग पान्यावर उभे राहणारे पैलवान मला चामुंडी टेकडीच्या वळणावर दोनदा भेटलेत.

गाडीबरोबर येतो तो कात्री जॅक. याच्यात तेल नाही, सील नाही, नुसता आटे पाडलेला स्क्रू. आट्यांचा उतार इतका मंद असतो की हँडल सोडलं तरी घर्षणानंच स्क्रू जागच्या जागी अडकून राहतो. पहिल्या फेऱ्या जड जातात, कारण कात्रीचे हात तेव्हा जवळजवळ आडवे असतात. जसजसे उभे होतील तसतसं हलकं. वर्षातून एकदा आटे रॉकेलनं धुऊन ग्रीस लावलं की हा जॅक गाडीपेक्षा जास्त जगतो. आता काही नव्या गाड्यांत स्टेपनीच येत नाही. टायरमधला दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असेल तर ती नसली तरी चालेल, असा नियम २०२० मध्ये झाला. ‘स्टेपनी’ हा शब्द तरी राहील बहुधा. वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून तो निघाला आणि आपल्याकडे येऊन कायमचा राहिला.

भाच्याचा जॅक उघडला. हायड्रॉलिक जॅकच्या पोटात जादू काही नाही. जोसेफ ब्रामानं १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं, तत्त्व तेच. छोटा दट्ट्या १० मिलिमीटर व्यासाचा आणि मोठा ३० चा धरला, तर जोर नऊपट. हँडलची तरफ वेगळीच. मधे दोन पोलादी छर्रे. एक टाकीतलं तेल आत सोडतो, दुसरा आत गेलेलं परत येऊ देत नाही. त्याच्या बैठकीवर केसाएवढा कचरा बसला तरी जॅक हळूहळू खाली येतो. इथे कचरा नव्हता. झाकण उघडताच ओळखीचा गोडसर वास आला.

‘‘ब्रेक ऑईल ओतलंस?’’

‘‘घरात होतं... तेलच ना ते?’’

तेल नाही ते. ब्रेक ऑईल ग्लायकोलचं असतं, आणि अशा जॅकांतली रबरी सीलं खनिज तेलासाठी केलेली. ती फुगतात, मऊ पडतात. मोठ्या दट्ट्यावरचं सील मी नखानं खरवडलं तर काळं लोण्यासारखं बोटाला आलं.

ओ-रिंगा दुकानात व्हर्नियरनं मोजून मिळाल्या. मोठं सील कुठेच मिळेना. ज्यानं जॅक विकला त्याच्याकडे किट नाही, डब्यावर बनवणाऱ्याचा पत्ता नाही. माझा देशी बॉटल जॅक १९९१ चा. त्याचं सील किट आजही काउंटरवर मागितलं की मिळतं. देशी की परदेशी, या वादातला माझा प्रश्न एवढाच असतो: उघडता येतो का, आणि उघडल्यावर आतलं मिळतं का?

आमच्या तरुणपणी ‘फॉरेनचा पाना’ म्हणजे दागिना होता. खरंही होतं ते थोडं. इथल्या काही पान्यांचे जबडे नट पकडायच्या आधी स्वतःच फाकायचे. मग नाशिकच्या तपारियाचे पाने हातात आले, स्वीडिश तंत्राच्या मदतीनं बनलेले, आणि ती फुशारकी कमी झाली. उलट उदाहरणही आहे. अमेरिकेत २०२० मध्ये हार्बर फ्रेटनं चीनमध्ये बनलेले लाखो जॅक स्टँड परत बोलावले, कारण साचे झिजल्यामुळे दात खिट्टीत पुरेसे बसत नव्हते आणि भार असताना स्टँड खाली येऊ शकत होते. बदल्यात दिलेल्या स्टँडांपैकी काहींचं वेल्डिंग सदोष निघालं, तेही परत. म्हणून मी नाव वाचत नाही, वेल्डिंगची रेघ बघतो.

शेवटी हेब्बाळ औद्योगिक वसाहतीत एका मित्राकडे पॉलियुरेथेनच्या दांड्यातून सील कातून घेतलं. लेथ जुना, म्हैसूर किर्लोस्करचा. किर्लोस्करांनी १९४१ मध्ये, तेव्हाच्या म्हैसूर संस्थानातल्या हरिहरला कारखाना काढला तो हे लेथ बनवायला. कारखाना बंद पडला, लेथ अजून शतांश मिलिमीटर पकडतो. मित्र कन्नड, त्यानं सील हातात ठेवताना भाच्याला सांगितलं, ‘‘जॅक मेले नंबिके इडबेडी.’’ जॅकवर भरवसा ठेवू नका. बेळगावच्या पोराला भाषांतर लागलं नाही.

संध्याकाळी नवं जॅक ऑईल भरलं, झडपेचा स्क्रू सैल ठेवून दहा-बारा पंप मारून हवा काढली. मग गाडीचा पुढचा कोपरा उचलला आणि दोन बोटांच्या अंतरावर खाली स्टँड लावला. ‘‘आता कशाला स्टँड? दुरुस्त झालाय की!’’ भाचा म्हणाला. मी जॅकच्या हातावर आणि शेजारी उभ्या केलेल्या पट्टीवर खडूची खूण केली आणि जेवायला गेलो.

सकाळी खूण तीन मिलिमीटर खाली होती. छर्ऱ्याची बैठक पुन्हा घासावी लागणार. भाचा ठोकळा घेऊन आला.