वसईचं पाणी आणि गीझरचं आयुष्य

नालासोपारा किंवा विरारमध्ये फ्लॅट बघायला गेलेला माणूस स्टेशन किती लांब, लिफ्ट आहे का, हे विचारतो आणि मग हमखास विचारतो : पाणी कुठलं? सूर्याचं, बोअरिंगचं की टँकरचं? बाथरूममधला गीझर किती वर्षं टिकेल, हेही बरंचसं याच उत्तरावर ठरतं.

महापालिकेच्या नळाला मुख्यतः धामणीच्या सूर्या धरणाचं पाणी येतं. पेल्हार आणि उसगावची धरणं त्यात भर घालतात. धरणात साठलेलं हे पावसाचं पाणी खडकात फार मुरलेलं नसतं, म्हणून तुलनेनं मृदू असतं. ते पुरलं नाही की सोसायटीच्या टाकीत बोअरिंगचं आणि टँकरचं पाणी पडतं. जमिनीत मुरणारं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि बेसॉल्टच्या भेगांतून उतरताना कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून घेतं. किनाऱ्याच्या पट्ट्यात उपसा वाढला की विहिरींत समुद्राचा खारेपणाही शिरतो. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याची एकूण कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोतच नसेल, तर ६०० पर्यंत चालवून घेतात.

साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. कॅल्शियम कार्बोनेटचं उलट आहे. कठीण पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की फुटतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारं कार्बोनेट खाली बसतं. तेही जिथे सर्वांत जास्त ताप आहे तिथे, म्हणजे कॉइलवर. लिटरला ३०० मिलिग्रॅम कठीणतेचं १०० लिटर पाणी रोज वापरलं, तर गीझरमधून दिवसाला ३० ग्रॅम क्षार जातात. त्यातला दहावा भाग जरी आत राहिला, तरी वर्षाला किलोभर साचतो.

मिस्त्री गीझरची खालची प्लेट सोडतो तेव्हा हे डोळ्यांनी दिसतं. आधी बादलीत गढूळ, पिवळट पाणी पडतं, मागोमाग पांढऱ्या कपच्या खळखळत येतात. बाहेर आलेल्या कॉइलच्या वेटोळ्यांमधली फट बुजलेली असते. एखाद्या कपचीवर लिंबू पिळून बघा, बारीक बुडबुडे येतील. तो कार्बन डायऑक्साइडच.

‘कॉइलवर थर बसला की बिल वाढतं,’ असं सर्रास सांगितलं जातं. विजेच्या गीझरबाबत ते फारसं खरं नाही. कॉइल पाण्यात बुडालेली असते, तिची उष्णता जाणार कुठे? पाण्यातच. गॅस गीझरमध्ये ती धुराबरोबर बाहेर जाऊ शकते, इथे नाही. २५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला साधारण एक युनिट लागतं. थर असो वा नसो, यात मोठा फरक पडत नाही. बिल वाढतं ते दिवसभर गीझर चालू ठेवल्यानं, कारण टाकी सतत उष्णता गमावते आणि थर्मोस्टॅट ती पुन्हा भरून काढत राहतो.

थराचं नुकसान वेगळं आहे. क्षारांतून उष्णता सावकाश जाते. पाण्यात पोहोचायला तिला उशीर होतो आणि तेवढ्यात कॉइल आतून भलतीच तापते. थराखाली अडकलेल्या वाफेमुळे गीझर कुरकुरू लागतो. शेवटी कॉइलचं आवरण तडकतं. मग एक तर ती जळते, नाही तर पाण्यात करंट उतरतो. म्हणून पक्कं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडणारा आरसीसीबी यांना पर्याय नाही.

टाकीला गंजापासून वाचवणारा भाग मात्र बहुतेकांनी पाहिलेलाही नसतो. आत मॅग्नेशियमचा रॉड असतो. लोखंडापेक्षा मॅग्नेशियम लवकर झिजतं, त्यामुळे गंजण्याची पाळी आधी त्याच्यावर येते आणि पोलादी टाकी वाचते. कल्पना जुनी आहे. १८२४ साली हंफ्री डेव्ही यांनी ब्रिटिश आरमाराच्या जहाजांचा तांब्याचा पत्रा वाचवायला त्याला लोखंडाचे तुकडे जोडले. पत्रा झिजायचा थांबला, पण त्यातून सुटणारं विषारी तांबंही थांबलं आणि जहाजांच्या तळाला शिंपले चिकटू लागले! गीझरमध्ये ती अडचण नाही. पण पाणी जितकं खारट, तितका रॉड लवकर संपतो. पुढची पाळी टाकीची.

म्हणून बोअरिंग किंवा टँकरच्या पाण्यावर असाल तर वर्षातून एकदा, पावसाळा सरताना, गीझर उघडून घ्या. आधी मेन स्विच बंद, पाणी गार, मग हात. कॉइल सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून साफ करायला सांगा. फरशी धुण्याचं तीव्र ॲसिड धातू आणि टाकीचं अस्तर दोन्ही खातं, ते नको. रॉड काडीइतका उरला असेल, तर बदला. गॅस्केट नवी घाला. तापमान ५५ ते ६० अंशांच्या पुढे नेऊ नका. जितकं जास्त तापेल, तितका क्षार जास्त बसेल. हे गरम पाणी अंगावर घेण्याआधी मात्र त्यात गार पाणी मिसळा.

आणखी दोन गोष्टी. गीझर तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडं पाणी ठिबकलं, तर घाबरू नका. तापलेलं पाणी प्रसरण पावतं. २५ लिटरच्या टाकीत ही वाढ पाव लिटरहून थोडी जास्त होते आणि तिला वाट हवी असते. ठिबक थांबावी म्हणून ते तोंड बुजवणं म्हणजे टाकी फुटायला आमंत्रण. दुसरं, इमारतीची टाकी रिकामी होऊन पाणी पुन्हा आलं असेल, तर आधी गरम पाण्याचा नळ सोडा, धार अखंड येऊ द्या, मगच बटण दाबा. कोरड्या टाकीत कॉइल जळायला फार वेळ लागत नाही.

गीझर दर घरात वेगळा असला, तरी पाणी सगळ्या इमारतीचं एकच असतं. सोसायट्यांनी वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, टाकीच्या पाण्याची कठीणता तपासून तो आकडा नोटीस बोर्डावर लावावा. या तपासणीचा खर्च वाटून घेतला, तर दर घरामागे तो नव्या कॉइलच्या किमतीपेक्षा कमीच पडेल.