लेकराच्या हाती कॅमेरा आला तर

घरातल्या मुलाने किंवा मुलीने "मला फोटोग्राफी शिकायची" म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे आधी लग्नाचा मांडव उभा राहतो. धंदा म्हणून त्यात काही वाईट नाही. शिरूर-दौंडच्या बाजारपेठेत त्यावर संसार चालले आहेत. पण या विद्येची दुसरीही एक वाट आहे. शिकणाऱ्या मुलाला ती ठाऊक असावी, आणि त्याच्या आईबापांनाही.

अमेरिकेत लुईस हाइन नावाचे एक शाळामास्तर होते. 1908 साली बालमजुरीविरुद्ध काम करणाऱ्या समितीने त्यांना फोटो काढायच्या कामावर घेतले. गिरण्यांचे मालक आत घेत नसत, म्हणून ते कधी यंत्रांचे फोटो काढणारा तर कधी पुस्तके विकणारा बनून आत जात. मुलांचे वय विचारून टिपून ठेवीत आणि आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून त्यांची उंची मोजीत. नुसते सांगून ज्यांना पटत नव्हते, त्यांना ते फोटो पाहून पटले. बालमजुरीला आवर घालणारे कायदे तिकडे झाले, त्यात या फोटोंचा मोठा वाटा आहे.

दुसरी गोष्ट 1936 सालची. कॅलिफोर्नियात कडाक्याच्या थंडीने वाटाण्याचे पीक जळाले आणि तोडणीला आलेले मजूर उपाशी पडले. सरकारसाठी फिरणाऱ्या डोरोथिया लँग यांनी तिथे तंबूत बसलेल्या एका आईचा, तिच्या लेकरांसह फोटो काढला. वर्तमानपत्रात तो छापून येताच सरकारने त्या तळावर सुमारे नऊ टन अन्न धाडले. त्या फोटोची कीर्ती जगभर झाली. पण ते कुटुंब तोवर पुढच्या गावी निघून गेले होते. लँगबाईंनी त्या माउलीचे नावही विचारले नव्हते. ती फ्लॉरेन्स थॉम्सन, हे जगाला 1978 साली कळले. आपल्या चेहऱ्याची एवढी कीर्ती झाली आणि आपल्याला काहीच मिळाले नाही, याची तिला खंत होती.

ही गोष्ट आपल्याला दूरची वाटायला नको. गळीत हंगाम सुरू झाला की बीड-नगरकडची कुटुंबे उचल घेऊन आपल्या भागात ऊसतोडीला येतात आणि फडाजवळ कोप्या घालून राहतात. नवरा-बायकोच्या जोडीला आपण "कोयता" म्हणतो, म्हणजे माणसाला हत्याराच्या नावाने ओळखतो. त्यांची नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असतात?

आपल्या देशातही ही परंपरा जुनी आहे. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळातल्या निराधार मुली आणून सांभाळल्या. त्या काळी दुष्काळाचे फोटो परदेशांत छापून येत आणि त्यावरून मदत गोळा होई. 1943 च्या बंगालच्या दुष्काळाची हकिगत सुनील जाना यांच्या फोटोंनी देशभर पोचवली. मुंबईच्या सफाई कामगारांचे जिणे सुधारक ओलवे यांनी वर्षानुवर्षे टिपले. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पी. साईनाथ यांनी 1993 ते 2002 या काळात दहा राज्यांत फिरून शेतात राबणाऱ्या बायकांचे फोटो काढले. खुरपणी, लावणी, पाणी, सरपण अशी सगळी कामे वाकून करायची, पण सातबाऱ्यावर बाईचे नाव क्वचितच, हे त्या फोटोंतून दिसते. त्यांनीच 2014 साली सुरू केलेल्या "पारी" या उपक्रमात हेमा रायरकर आणि गी पॉइटेवां यांनी सुरू केलेल्या संग्रहातल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. त्यांत शिरूर तालुक्यातल्या सविंदणे गावच्या मायबहिणींचा आवाजही आहे, आणि गाणारीचे नाव, गाव तिथे नोंदलेले असते.

तेव्हा तुमचे लेकरू शिकत असेल, तर त्याला चार गोष्टी जरूर सांगा. महागड्या कॅमेऱ्यासाठी कर्ज काढू नये. हात बसेपर्यंत साध्या मोबाइलवरही शिकता येते. सकाळचा आणि दिवस कलतानाचा उजेड चांगला. भर दुपारी टोपीची नि पदराची सावली डोळ्यांवर पडते, चेहरा हरवतो. खुरपणाऱ्या बाईचा फोटो उभ्याने वरून काढू नये. तिच्याएवढे खाली बसावे, म्हणजे पाठीऐवजी तोंड दिसते.

आणि मुख्य म्हणजे आधी विचारावे. नको म्हणाली तर कॅमेरा खाली ठेवावा. हो म्हणाली तर नाव, गाव, तारीख आणि काम वहीत लिहावे आणि फोटोची एक प्रत तिला नेऊन द्यावी. कोणाच्या घरी दुःख झाले असेल, तर आधी हातभार लावावा, फोटोचे मग पाहावे.

सुरुवात घरापासूनच करू द्या. पहाटे उठल्यापासून रात्री निजेपर्यंत आई काय काय करते, त्याचे एका दिवसाचे फोटो काढायला सांगा. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून ते पाहा. घरात कोण किती राबते, हे मग कोणाला वेगळे सांगावे लागणार नाही.